करारापायी राखलेली डाळिंबं

आटपाडीच्या माळावर कुणाचंही डाळिंब तोडीला आलं, की कोंडीबाला बोलावणं जायचं. निम्मा जन्म मेंढरांमागं गेलेला हा माणूस, बाग लावली ती चाळिशीनंतर. पण टिचकी मारून फळ तयार झालं का नाही ते सांगायचा, आणि कधी चुकायचा नाही. तोडीचा दिवस त्यानंच सांगायचा, असा वाडीचा रिवाजच पडून गेला.

यंदा हरणाबाईनं बोलावलं. कोंडीबाच्या मयत दोस्ताची ही बायको. पाऊण एकर बाग, दुसरा आधार नाही. कोंडीबानं टिचकी मारली. फळ तयार होतं. तरी हा बाबा म्हणाला, आठ दिवस थांबा! स्वतःची बागही त्यानं तशीच राखली होती.

का, तर नानासो व्यापाऱ्यानं कानावर घातलं होतं, की बांगलादेशाशी कराराचं बोलणं चाललंय, पुढच्या आठवड्यात बैठक हाय, फळावरची तिकडची जकात उठंल, भाव चढंल. नानासोचा माल तिकडंच जायचा. कोंडीबा एकदा हौसेनं त्याच्या ट्रकबरोबर पार सरहद्दीपर्यंत जाऊन आलेला. तिथं पलीकडच्या एका हमालानं मोडक्या हिंदीत सांगितलं होतं, की आमच्याकडं डाळिंब एकेक नगानं घेतात, तेही घरात कुणी आजारी असलं तर. कर फळापेक्षा जड. कोंडीबाच्या ते काळजाला लागलं. कर गेला तर त्यांची पोरं खातील, त्या हमालाला रोज काम मिळंल, आपल्या बागेला गिऱ्हाईक येईल. यात नुकसान कुणाचं? त्याचं म्हणणं आजही तेच आहे, आणि मला तरी त्यात खोट दिसत नाही.

पण करार काय टिचकी मारून कळतोय होय? बैठक आधी दोन दिवस पुढं गेली, मग तारीखच राहिली नाही. सहाव्या दिवशी अवकाळी सर आली आणि झाडावर तयार होऊन बसलेली फळं तडकली. दाणे उघडे पडले, मुंग्या लागल्या. कोंडीबाची गेली ती गेली. पण हरणाबाईची निम्म्याहून जास्त गेली, आणि ती त्याच्या शब्दावर गेली. त्याला भाकर गोड लागेना.

शेवटी आपल्यातली धड राहिलेली सहा कॅरेट फळं घेऊन तो तिच्या दारात गेला. शिव्या खायच्या तयारीनंच गेला होता. खरं तर चार शिव्या बसल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं. तिनं चहा टाकला, आणि कॅरेट माघारी न्या म्हणाली.

"वैनी, फळ तयार हुतं. मला कळलं हुतं. तरी मी तुमाला थांबवलं," कोंडीबा म्हणाला.

"आवं, तुमी तरी काय करणार? दोन सरकारांचं बोलणं ते. तितं आपलं कोण ऐकतंय?" तिनं कप पुढं सारला. "फुडच्या साली बी तुमीच या. दुसरं कुणाला इचारू मी?"

 खाली मान घालून तो चहा प्याला.