पुढच्या डाव्या चाकाची हवा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही — आणि ज्याला सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच. तो आता राहिला नाही. म्हणून आता धीर आला, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. तसंच आहे ते.

गोष्ट एका टायरची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी जळगावला एका शेठच्या, उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारींच्या शेडमध्ये टायरचं काम करत होतो. नवा टायर परमिटाशिवाय मिळत नसे, आणि परमिट तर मिळतच नसे. जुन्यालाच ठिगळ लावायचं. चाक जमिनीला टेकतं तिथं भोक पडलं, तर आतून दुसऱ्या टायरचा तुकडा बसवून गाडी चालवता येई. टायरची बाजू मात्र वेगळी. ती पातळ असते, चाक फिरताना सारखी दबते आणि सुटते. तिच्यावरचं नुसतं रबर सोललं तर फारसं बिघडत नाही. पण आतले दोरे तुटले, की हवा तिथून बाहेर रेटते आणि फुगवटा येतो. फुगवटा आला की टायर उतरवायचा. त्यात ठरवण्यासारखं काही नसतं. मला हे पक्कं ठाऊक होतं — आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मला पळवाट राहणार नाही.

मग का केलं? सांगतो. पण त्याआधी एका लग्नाचं सांगायला हवं.

हे घडण्याच्या थोडं आधी, त्याच सालच्या लग्नसराईत मी एक मोटार थांबवली होती. टायरच्या बाजूला लांब चीर होती, मला दोरा दिसल्यासारखा वाटला. वऱ्हाड बैलगाड्यांनी गेलं, उशिरा पोचलं, मुहूर्त टळला. मुलाकडचे शेठना वाटेल ते बोलले. आणि तो टायर? उतरवून पाहिला तर आतून धडधाकट. वरचं रबर तेवढं फाटलं होतं. शेठनी तोच दुसऱ्या मोटारीला लावला आणि तो चालला. तेव्हापासून शेडमध्ये माझं नाव जोशीबुवा पडलं. “काय जोशीबुवा, आज टायरचा मुहूर्त आहे का?” हे रोज सकाळी ऐकायचं. क्लीनर विचारायचे, स्टँडवरचा चहावालाही विचारायचा. मी हसायचो. आणि पाना उचलून मोटारीखाली शिरायचो.

एक उखाभाऊ तेवढा कधी हसला नाही. उखाभाऊ म्हणजे जळगाव-धुळे मोटारीचा ड्रायव्हर, मूळ पारोळ्याकडचा. तो त्याच्या अहिराणीत म्हणायचा, “हसू दे त्यास्ले. तू शे म्हणून मी बिनघोर शे.”

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशीची सकाळ. आमच्याकडे आखाजीला सासरी गेलेली लेक माहेरी यायलाच हवी. दिवाळी एक वेळ चुकली तर चालेल. स्टँडवर ही गर्दी — लेकी, कडेवरची पोरं, गाठोडी, न्यायला आलेले भाऊ. उखाभाऊची मोटार भरून उभी. आणि मी पुढच्या डाव्या चाकाशी वाकलो, तर बाजूला फुगवटा. बोराएवढा. अंगठ्यानं दाबला. मऊ लागला.

दुसरा टायर शेडमध्ये नव्हता. उतरवायचा म्हणजे मोटार जाणार नाही, असं सगळ्यांना ओरडून सांगायचं. मी वाकूनच राहिलो असेन, कारण खिडकीतून एक म्हातारी बोलली, “काय रे भाऊ, मोटार शे का नवरी शे? कितलं न्याहाळशी तिले?” सगळी मोटार हसली. तेवढ्यात मागून शेठ आले. “जोशीबुवा, आज तरी मुहूर्त काढा. काढायची ना मोटार?”

मी म्हणालो, “काढा.”

एवढंच असतं तर ती चूक म्हणता आली असती. माणूस घाबरतो, तोंडातून शब्द निसटतो. पण मी त्यानंतर जे केलं ते निसटलेलं नव्हतं.

उखाभाऊची एक सवय होती. चढण्याआधी तो मोटारीभोवती फेरी मारायचा, प्रत्येक चाकावर तळहात फिरवायचा आणि मग तोच हात कपाळाला लावायचा. तो मागच्या चाकापाशी होता. पुढं आला असता, तर फुगवटा त्याच्या हाताला लागला असता. मग तो माझ्याकडे बघणार, मला विचारणार — आणि त्याच्याशी खोटं बोलणं मला जमलं नसतं. म्हणून मी चाकाची हवा सोडली. थोडी. फुगवटा बसेपर्यंत.

कळतंय का तुम्हाला? फुगवटा दिसू नये म्हणून. हवा कमी केली की भरलेल्या मोटारीखाली टायर जास्त दबतो, जास्त तापतो. वैशाखातला रस्ता, त्यात माणसं कोंबलेली. टायर आधीच मरायला टेकला होता. मी त्याला आणखी ढकललं.

उखाभाऊनं हात फिरवला. “हवा कमी शे का रे?”

“उन्हात वाढते ना भाऊ. मुद्दाम कमी ठेवलीय.”

त्यानं मान हलवली, हात कपाळाला लावला आणि चढला.

एरंडोलच्या पुढं, नाल्याच्या उतारावर चाक फुटलं. मोटार डावीकडे खेचली गेली आणि सावरताना उजवीकडे उलटली. बाकीच्यांना खरचटलं, मुका मार लागला. मोटार ज्या अंगावर पडली, तिकडे उखाभाऊ होता. त्याचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला. पुन्हा त्यानं मोटार चालवली नाही.

लोक म्हणाले, उतारावर भरधाव होता. भरधाव तर असणारच — तेव्हा पेट्रोल नसल्यानं मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत, जोर कमी पडे, पुढचा चढ चढायचा तर उतारावर वेग घ्यावाच लागे. शेठनी मला विचारलं, टायर कसा होता. मी म्हणालो, चांगला होता. त्यावर त्यांनी काही विचारलं नाही. जोशीबुवाच चांगला म्हणतोय म्हटल्यावर कोण विचारणार? दोष उखाभाऊच्या वेगावर गेला.

पुढं तो कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या फाटकावर राखणीला बसायचा. मी भेटायला जायचो. का जायचो? कुणाला संशय येऊ नये म्हणून, असं वाटतं. माया होती म्हणून, असंही वाटतं. मला आजही धड सांगता येत नाही. तो चहा मागवायचा, डाव्या हातानं कप धरायचा, आणि दरवेळी तेच काढायचा — “चाक फुटलं कसं रे? माझ्या नजरेतून दगड सुटी गया असंल. दगड व्हता का रे?”

मी म्हणायचो, असेल.

म्हातारा होईपर्यंत तो विचारत राहिला. शेवटी खाटेवर होता तेव्हाही विचारलं. आपणच दगड पाहिला नाही, आपणच त्या लेकी-बाळींना पाडलं, हे मनाशी धरून तो गेला. आणि मी शेवटपर्यंत मान हलवली.

अपघात झाला त्याच दुपारी मी मोटार उचलायला गेलो होतो. फुटलेला टायर पाहिला — बरोबर त्याच जागी फाटला होता. मग उताराच्या माथ्यापासून नाल्यापर्यंत मी चालत गेलो, डोळे रस्त्याला लावून. एक तरी सापडावा म्हणून.

दगड नव्हता, उखाभाऊ. रस्ता साफ होता.