भारताने बोलायचं नाही

माझ्या डेमोच्या दिवशी कॅनडा आलाच नाही.

"मॅडम, त्यांचा कांदा निघालाय मार्केटला," ऑस्ट्रेलिया म्हणाला. "पहाटंच टेम्पोत बसून गेला. तुम्हाला सॉरी सांगितलंय."

नगरमधल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. जेवढे तास मिळतील तेवढ्यापुरती मी तिथली, सत्र संपलं की कोणी नाही. पुढच्या सत्रात मला तास द्यायचे का, हे त्या दिवशीच्या डेमोवर, म्हणजे नमुन्याच्या तासावर, ठरणार होतं. त्यासाठी आमचे विभागप्रमुख सर आणि दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या एक बाई शेवटच्या बाकावर वह्या उघडून बसले होते. तास मिळाले नाहीत तर पुण्याला भावाकडे जायचं आणि त्याच्या ओळखीच्या ऑफिसात डेटा एन्ट्री करायची. घरी हे कोणी बोलून दाखवलं नव्हतं. भावाने फक्त एका रिकाम्या केलेल्या कपाटाचा फोटो काढून पाठवला होता.

मला वर्गासमोर बोलता येत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे माझं मराठी स्वयंपाकघर आणि रिक्षा एवढ्यापुरतं वाढलं. शिकवायला लागले तेव्हा उरलेलं मराठी शब्दकोशातून आणलं. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर 'साम्राज्यांतर्गत संरक्षण-समन्वय व शस्त्रास्त्रांचे प्रमाणीकरण' असं लिहिलं, तर मागून आवाज आला, "मॅडम, मराठीतून सांगा ना." वर्ग हसला. मीही हसले आणि तास संपेपर्यंत फळ्याकडे तोंड करून लिहीत राहिले.

विषय मात्र माझा आवडता. पहिल्या महायुद्धाआधी इंग्लंडने आपल्या वसाहतींशी बोलणी सुरू केली होती. उद्या लढाई झाली तर कोण किती माणसं देणार? ती कोणाच्या हुकमाखाली लढणार? आणि सगळ्यांच्या बंदुका एकाच मापाच्या हव्यात, म्हणजे एकाची गोळी दुसऱ्याला चालेल. ऑस्ट्रेलिया, कॅनडा घासाघीस करू शकत होते. भारताचं सैन्य या सगळ्यांहून मोठं, पण त्याच्या वतीने लंडनमध्ये बसलेला मंत्री बोलायचा.

डेमोसाठी मी याची परिषद केली. प्रत्येक देशाचं कार्ड तयार केलं आणि बोलण्याचं काम मुलांवर टाकलं. सरांना ही कल्पना नवीन वाटली. मला ती फक्त सुरक्षित वाटत होती.

देश वाटायला चिठ्ठ्या काढल्या होत्या. भारताची चिठ्ठी मात्र मी त्यात टाकलीच नाही. ते कार्ड मी खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलीला सरळ हातात दिलं. ती पारनेरकडच्या गावातून एसटीने येते, पोलीस भरतीसाठी सकाळी पळण्याचा सराव करते, आणि हजेरीशिवाय तिचा आवाज मी ऐकलेला नव्हता. कार्डावर लिहिलं होतं: 'भारत. परिषदेत हजर. बोलायचं नाही.' मला वाटलं, मी तिला वाचवतेय. तिने कार्ड दोनदा वाचलं, मागे काही आहे का ते पाहिलं, आणि वहीत ठेवलं.

तर त्या दिवशी चार बाकं जोडून देश बसले. कॅनडाची जागा रिकामी, भारत खिडकीच्या बाजूला.

"कॅनडा पण मीच करू का?" इंग्लंडने विचारलं.

"मग सोताशीच भांडशील का?" ऑस्ट्रेलिया म्हणाला. "राहू दे. नाहीतरी त्याची सोताची येगळी बंदूक चिखलात अडकती, त्याच्या कार्डावरच लिहिलंय."

मी खडू हातात घेऊन कडेला उभी राहिले. बाईंचं पेन चाललेलं दिसत होतं, काय लिहिताहेत ते दिसत नव्हतं. तेवढ्यात गावाबाहेर लष्कराच्या सरावाच्या रेंजवर गोळीबार सुरू झाला आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या. बाई दचकल्या. "रेंज आहे," सर हळूच म्हणाले. मुलांपैकी कोणी मान वर केली नाही.

पहिली पाच मिनिटं सगळे कार्डावरचं वाचत होते. मग ऑस्ट्रेलियाने कार्ड उलटं ठेवलं.

"हे बघा, ही ऊसतोडीसारखी गोष्ट हाय," तो म्हणाला. "पोरं आमी देऊ. पन टोळी आमची, तर मुकादम पन आमचाच."

"मुकादम आमचा," इंग्लंड म्हणाला. "फड आमचा हाय."

"मग तोडा तुमीच!"

वर्ग उसळला. दक्षिण आफ्रिका इतका वेळ मोबाईल बघत होता, तोही सरसावून बसला. इंग्लंडने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "मुकादमाचं नंतर बघू. पन कोयता सगळ्यांचा एका मापाचा पाहिजे. एकाचा तुटला तर दुसऱ्याचा हातात बसला पाहिजे. आन् घ्यायचा आमच्याच दुकानातून."

"आमी आमची भट्टी टाकू. माप तुमचं, कोयता आमचा," ऑस्ट्रेलिया म्हणाला.

जे समजावायला मी फळाभर शब्द लिहिले होते ते झालंसुद्धा. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी सारखी खिडकीकडे बघत होते. भारत ताठ बसला होता, हात मांडीवर, नजर समोर. परेडला बसवल्यासारखा.

बाईंनाही ते दिसलं. त्या वही घेऊनच उठून पुढे आल्या. "ही मुलगी का बोलत नाही? हिचा सहभाग काय?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत ती मुलगी उभी राहिली.

"मला बोलायची ऑर्डर न्हाई, मॅडम."

सगळे हसले, बाईसुद्धा. हसत हसतच त्या माझ्याकडे वळल्या. "बोलू द्या की तिला."

सर शेवटच्या बाकावरून मान हलवत होते. 'हो म्हणा' असं मला सांगत होते. मी हो म्हटलं असतं तर सहभागाचे गुण तिथेच मिळाले असते. पण मी म्हणाले, "नाही. म्हणजे, तेव्हा भारताला विचारलं जात नव्हतं. त्याच्या वतीने दुसराच बोलायचा. म्हणून कार्डावर तसं..." वाक्य मध्येच संपलं. पुढचे शब्द इंग्रजीत येत होते.

"तेव्हा विचारत नव्हते, ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पण आज हिला गप्प कोणी बसवलंय? तुम्हीच ना?"

त्या रागाने बोलल्या नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. चिठ्ठ्यांच्या डब्यात न टाकलेली एक चिठ्ठी. बाईंना ते माहीत नव्हतं. वर्गाला माहीत होतं की नाही, मला अजून माहीत नाही.

मी त्या मुलीला म्हटलं, "तुला काही विचारायचं असेल तर विचार."

तिने कार्ड वहीतून काढून बाकावर ठेवलं आणि इंग्लंडकडे वळली. "तू सगळ्यांना एका मापाचा कोयता म्हनतो. मग आमाला जुना कशापायी? मॅडमनी मागच्या तासाला सांगितलं हुतं, सत्तावन्नच्या बंडानंतर आपल्या शिपायांना एक पिढी जुन्या बंदुका देत हुते."

मी ते सांगितलं होतं. फळ्याकडे तोंड करून, एका वाक्यात. तिने ते लिहून घेतलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

इंग्लंडने कार्ड उलटसुलट पाहिलं. कार्डावर उत्तर नव्हतं. तो म्हणाला, "तुमच्यावर भरवसा न्हाई." आणि म्हटल्यावर त्याचाच चेहरा उतरला.

"भरवसा न्हाई तर लढायला नेतो कशाला?"

इंग्लंडने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, आता काय म्हनू?"

मग सगळेच माझ्याकडे बघायला लागले. भरवसा नसलेल्या माणसाच्या हातात बंदूक का देतात? वाचलेलं होतं थोडंफार. माणसं लागत होती, कुठे पाठवायचं ते तेच ठरवत होते. पण भरवसा नसताना हे रोज कसं चालत असेल, एकाच छावणीत, दोन तऱ्हेच्या बंदुका घेऊन, एकमेकांना पाठ देऊन? ते मी कधी विचारलंच नव्हतं. सर शेवटच्या बाकावरून ओठ हलवत होते. काहीतरी सांगा, काहीही.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "वाचून सांगते."

सरांचं पेन थांबलं. बाईंनी काहीतरी लिहिलं, एकच ओळ.

तास संपल्यावर ती मुलगी दाराशी थांबली. मला वाटलं, आभार मानेल, किंवा चिठ्ठीचं विचारेल.

"कधी सांगनार, मॅडम?"

"गुरुवारी," मी म्हणाले. सुटून गेलं. गुरुवारी माझा तास नव्हता. त्या सत्रातला माझा शेवटचा तास आत्ताच संपला होता.

स्टाफरूममध्ये सर चहा ओतत होते. "डेमोत 'माहीत नाही' म्हणतं का कोणी? चांगला रंगला होता तास. एक वाक्य ठोकून द्यायचं, मुलं काय तपासायला जाणार आहेत?"

"ती जाईल," मी म्हणाले.

"निकाल पुढच्या आठवड्यात कळेल. माझ्या हातात आता काही नाही."

मी पर्स उचलली आणि दारापर्यंत गेले. तिथून परत आले. सरांकडे आपण होऊन काही मागायची माझी ती पहिलीच वेळ. बोलताना मी त्यांच्याकडे न बघता चहाच्या थर्मासकडे बघत होते.

"सर, गुरुवारी तुमचा एक तास मला द्याल का?"

"कशाला?"

"उत्तर द्यायचंय."

त्यांनी कप खाली ठेवला. "घ्या. पण तो मानधनात धरला जाणार नाही, आधीच सांगतो. आणि तुमचं निवडीचं झालं नाही तर तो शेवटचाच."

मी हो म्हटलं आणि जिना उतरेपर्यंत पस्तावले. हातात तीन दिवस होते, आणि उत्तर कुठल्या पुस्तकात सापडेल याची खात्री नव्हती. एसटी स्टँडकडे जाणाऱ्या रिक्षात भावाचा मेसेज आला, कसा झाला डेमो? मी फोन पालथा ठेवला आणि रिक्षावाल्याला म्हटलं, "स्टँडला नको. लायब्ररीकडे घ्या."