सहा घरांतली एक खुर्ची

पहिल्या घरात तिचं खुर्चीकडे लक्ष गेलं नाही. तिसऱ्या घरात गेलं. सहाव्या घरात बसण्याआधी तिने सीटवरून सहज हात फिरवला, तर निळ्या रेक्झीनवर डाव्या बाजूला मसुराएवढं जळकं भोक बोटाला लागलं.

ते भोक तिच्या वडिलांनी पाडलेलं. पेटती सिगारेट बोटांत धरून त्यांना डुलकी लागायची. वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती. खुर्ची आईच्या खोलीत खिडकीखाली असायची, आणि या घडीलाही ती तिथेच असायला हवी होती.

“बस की,” कोपऱ्यावरची काकू म्हणाली. “नवीच आहे. चार महिने झाले असतील आणून.”

काकूला धाप लागली होती. मागच्या दाराची कडी अजून हलत होती.

“कुठून आणली?”

“दुकानातून. खुर्च्या काय झाडाला लागतात?”

ती बसली. फॉर्मवर ‘पाठ असलेली खुर्ची’ या रकान्यात तिने टिक केली. मग टेबलफॅन, मग टीव्ही. टीव्हीची वायर नीट गुंडाळून मागे सरकवलेली होती, कारण काकूच्या भिंतीत प्लगच नव्हता. तिने टीव्हीलाही टिक केली. समोर दिसेल ते लिहायचं, प्रशिक्षणात तसंच सांगितलं होतं. काकूने खाली सही केली. सही करताना ती जीभ दातांत धरते, हे लहानपणापासून बघितलेलं.

गल्लीत तिला कागदवाली म्हणायला लागून तीन आठवडे झाले होते. त्याआधी बावीस वर्षं ती शर्टाच्या कारखान्यात होती, शिवून आलेल्या शर्टाचे सुटलेले दोरे कापायला. दिवसाला चारशे शर्ट, कॉलरपासून सुरू करून खाली. कारखाना बंद पडला तेव्हा तिच्याकडे एक छोटी कात्री उरली आणि उजव्या अंगठ्यावरचा घट्टा. मग सरकारी पाहणीला माणसं हवी आहेत असं कळलं. अट एकच होती, दोन्ही भाषा लिहिता-वाचता याव्यात. काठावरच्या लोकांना दोन्ही येतात, नाइलाजाने. टेकडीवरच्यांना एकच येते आणि तेवढ्यावर त्यांचं भागतं.

शहर एकच, पण माणसं दोन. टेकडीवर ज्यांची भाषा कचेरीत चालते ते. नदीच्या काठाला, ज्यांचे पणजे पूल बांधायला आले आणि पूल झाल्यावर परत गेले नाहीत ते. शाळेचं पुस्तक दोघांना सारखंच. शाळा संपली की टेकडीवरचा मुलगा काकाच्या ओळखीने कचेरीत चिकटतो, काठावरचा काकाबरोबर विटा उचलायला जातो. काका दोघांनाही असतात. हा फरक किती आहे, ते दर पाच वर्षांनी मोजायचं, एवढंच पाहणीचं काम. प्रत्येक वस्तूला गुण ठरलेले. खुर्चीला एक, पंख्याला दोन, टीव्हीला तीन, फ्रीजला पाच. काठाचं माणूस या कामावर पहिल्यांदाच घेतलं होतं.

यंदा आणखी एक गोष्ट पहिल्यांदाच झाली. खात्याने सौजन्य म्हणून आठ दिवस आधी नोटीस लावली, कुठल्या गल्लीत कुठल्या तारखेला माणूस येईल याची. काठाच्या लोकांना पाहुणा येणार हे आठ दिवस आधी कळवणं म्हणजे काय, हे नोटीस लिहिणाऱ्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

काठावर एक रीत आहे. तिला ते ‘घर भरून देणं’ म्हणतात. परका माणूस कुणाच्या दारात येणार असं कळलं की आजूबाजूची घरं आपल्यातलं चांगलं ते त्या घरी पाठवतात. कुणी खुर्ची, कुणी घड्याळ, कुणी कपबश्यांचा सेट. मुलीला स्थळ आलं, मुलाचा मुकादम आला, दवाखान्यात कुणी वारल्यावर पोलीस आला, सगळ्यांसाठी हेच. काम झालं की वस्तू आपापल्या घरी परत. कुणी मागत नाही, कुणी आभार मानत नाही, आणि याला खोटं म्हणायचं हे काठावर कुणाच्या डोक्यातही येत नाही. तिच्या स्वतःच्या लग्नाच्या बोलणीत पडदे तीन घरांचे होते. सासूला ते फार आवडले. लग्नानंतर महिनाभर ती विचारत होती, ते पडदे काय झाले.

टेकडीवर तिने याआधीचे दोन आठवडे काढले होते. तिथे उलटं. बंगल्याच्या पडवीत स्टूल द्यायचे आणि आत दार लोटून घ्यायचे. “आमचं आपलं साधंच आहे हो.” अंगणात गाडीवर ताडपत्री. “ही? ही भावाची. तो परगावी असतो.” फ्रीज आहे का विचारलं तर एक आजोबा म्हणाले, “आहे, पण थंड करत नाही.” त्यांनीच थोड्या वेळाने तिला बर्फ घातलेलं सरबत दिलं. नोटीस त्यांनीही वाचली होती. कागद घेऊन कुणी दारात आलं की पाठोपाठ कर येतो, अशी त्यांची समजूत होती, आणि ती काही अगदीच चूक नव्हती.

त्या सोमवारी पर्यवेक्षक मॅडमनी सगळ्यांना कचेरीत बोलावलं. बाई टेकडीवरच्या, पन्नाशीच्या पुढच्या, चष्म्याची दांडी चिकटपट्टीने जोडलेली. त्यांनी आतापर्यंतची बेरीज वाचून दाखवली. गेल्या वेळी दोन वस्त्यांत एकतीस गुणांचा फरक होता. यंदा आतापर्यंत अकरा.

“चांगलंच आहे की,” मागून कुणीतरी म्हणालं.

“दहाच्या खाली गेला की काठाची विशेष तरतूद बंद,” मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, दुःखही नव्हतं. “म्हणजे दवाखाना. तेवढी एकच गोष्ट उरलीय तशीही.”

तिने पेनचं टोपण लावलं आणि परत काढलं.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक वजनकाटा आणि एक नर्सबाई. आईच्या डाव्या पायाला साखरेमुळे झालेली जखम सात महिने भरत नव्हती. एक दिवसाआड नर्सबाई घरी येऊन ती धुवायच्या आणि पट्टी बदलायच्या. दवाखाना बंद झाला तर मोठं हॉस्पिटल, म्हणजे दोन बस आणि मधे पुलाच्या बेचाळीस पायऱ्या. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरने सात महिन्यांपूर्वी पाय बघितला होता आणि म्हणाला होता, नियमित निगा राहणार नसेल तर आत्ताच काढलेला बरा.

संध्याकाळी ती आईकडे गेली. आई पलंगाच्या कडेवर बसली होती, दुखरा पाय पाटावर ठेवून. खिडकीखाली खुर्चीच्या चार पायांचे चार गोल डाग होते.

“खुर्ची कुठे आहे?”

“येईल. पलीकडच्या गल्लीत उद्या माणूस येणारे.”

“तो माणूस मीच आहे, आई.”

“मग तुला बसायला नको?” आई म्हणाली.

तिने सगळं सांगितलं. गुण, बेरीज, अकरा, दहा, दवाखाना. आईने ऐकून घेतलं. आई मंद नव्हती, बांधकामावर तिने तीस बायकांची हजेरी तोंडपाठ ठेवली होती.

“म्हणजे घरात काही नाही असं दाखवायचं,” आई म्हणाली.

“दाखवायचं काही नाही. नाही ते नाही म्हणायचं.”

“सहीनिशी?”

“सहीनिशी.”

“पूल बांधला तेव्हा टेकडीवाले माझ्या आजोबांना विचारायचे, तुझ्याकडे ताट तरी आहे का. मी पाच वर्षांची होते. त्या दिवशी शेजारणीने सहा ताटं आणून मांडली.” आईने पायाखालचा पाट सरळ केला. “माझ्या घरी तू कागद आणणार नाहीस ना?”

“नातेवाइकांचा मला भरता येत नाही. मॅडम येतील. गुरुवारी.”

“मग ठीक आहे,” आई म्हणाली, आणि ते ठीक नव्हतं हे दोघींना कळलं.

गुरुवारी मॅडम आल्या. तिला त्या सोबत घेऊन आल्या होत्या, घर दाखवायला. खोलीत पाऊल टाकलं आणि तिला क्षणभर वाटलं की दार चुकलं. खुर्ची होतीच. तिच्या शेजारी दुसरी, गादीची. टेबलफॅन दोन. काकूकडे बघितलेला तो टीव्ही, वायर गुंडाळलेली. भिंतीवर दोन घड्याळं, वेळ वेगवेगळी. कोपऱ्यात चक्क एक छोटा फ्रीज. तो उचलून आणायला किमान चार माणसं लागली असणार. गल्लीने आपल्या आजारी म्हातारीसाठी हात आखडता घेतला नव्हता. आई इस्त्रीच्या साडीत पलंगावर ताठ बसलेली. पाय पदराखाली.

मॅडम जळक्या भोकाच्या खुर्चीवर बसल्या आणि फॉर्म मांडीवर घेतला.

“पाठ असलेली खुर्ची?”

“दोन,” आई म्हणाली.

“पंखा?”

“दोन.”

“टीव्ही दिसतोय. फ्रीज?”

“समोरच आहे की, मॅडम.”

मॅडमचं पेन फ्रीजच्या रकान्यावर टेकलं. ती दाराशी उभी होती. बाहेर काकू आणि आणखी दोघी-तिघी उगाचच केर काढत होत्या. तिला झाडूचा आवाज ऐकू येत होता.

“मॅडम,” ती म्हणाली, “तुम्ही बसलाय ती खुर्ची आमची आहे. बाकी काही आमचं नाही.”

बाहेरचा झाडू थांबला.

“फ्रीजचं दार उघडा,” ती म्हणाली. “आत तांदूळ असतील. घरात प्लग एक आहे, तो दिव्याचा.”

मॅडमनी दार उघडलं नाही. त्यांनी आईकडे बघितलं. आई भिंतीकडे बघत होती, दोन घड्याळांच्या मधल्या जागेकडे.

“सगळीकडे असंच?” मॅडमनी हळू आवाजात विचारलं.

“सगळीकडे. ही एकच खुर्ची मी सहा घरांत लिहिलीय. सह्या घेतल्यात.” मग, आता बोलायला लागलोच आहोत तर, म्हणून तिने पुढचंही सांगितलं. “आणि टेकडीवर उलट. तिथे झाकतात. गाड्या भावांच्या असतात.”

मॅडम हसल्या. थकलेलं, पण खरं हसणं. “माझ्याच आईने फ्रीजवर चादर घातली होती. वर आरसा ठेवला, कपाट वाटावं म्हणून. मी तिला म्हटलं, आई, कपाट घुरघुरत नाही.” त्यांनी मांडीवरचा फॉर्म सरळ केला. “टेकडीची पाहणी मला पुन्हा करता येणार नाही. वरून परवानगी मिळणार नाही, तक्रारी येतील. काठाचं तुमच्या सहीचं आहे, ते तुम्ही दुरुस्त करू शकता. दोन दिवस देते. त्या दिवसांचा रोजगार मात्र देता येणार नाही.”

“किती फॉर्म?”

“तुमचे? ब्याऐंशी.”

मग मॅडमनी आईचा कोरा फॉर्म नव्याने काढला. खुर्ची एक. बाकी सगळीकडे आडवी रेघ. कागद आईपुढे धरला. आईने तो वाचला, प्रत्येक रेघ वाचली, आणि सही केली. अक्षर नेहमीसारखंच, गोल आणि स्वच्छ.

“आता न्या म्हणावं ज्याचं त्याने,” आई म्हणाली. “चहा ठेवते मी मॅडमना.”

“तुम्ही उठू नका.”

“माझ्या घरात मी उठेन,” आई म्हणाली आणि उठली.

पुढचे दोन दिवस तिने ब्याऐंशी घरं पुन्हा केली. बातमी तिच्या आधी पोचलेली होती. दारं उघडी होती आणि खोल्या रिकाम्या. कुणी भांडलं नाही. भांडलं असतं तर बरं झालं असतं. काकूने तिच्या तोंडाकडे न बघता पाठ केल्यासारखं सांगितलं, “खुर्ची नाही. पंखा नाही. टीव्ही नाही. आणखी काय काय नाही ते लिही, तुला माहितीच आहे.”

“काकू, दवाखान्यासाठी आहे हे.”

“हो ना. दे सही करते.” या वेळी जीभ दातांत नव्हती, ओठ मिटलेले होते. “तुझ्या लग्नातला मधला पडदा माझा होता. तुझ्या सासूला मी कधी सांगितलं नाही.”

ब्याऐंशी घरांत तिला बसायला कुणी काही दिलं नाही. तिने सगळे फॉर्म उभ्याने भरले, पॅड डाव्या हातावर टेकवून. कारखान्यात बावीस वर्षं उभंच राहायचं असायचं, त्यामुळे पायांना त्याचं विशेष वाटलं नाही. एका घरात सतरंजीही गुंडाळून ठेवलेली होती. ती त्यांची स्वतःची होती हे तिला ठाऊक होतं. तिने ‘सतरंजी: आहे’ लिहिलं. घरवाली म्हणाली, “बघ, आता हिला असलेलंही दिसायला लागलं.”

नवी बेरीज सव्वीस आली. खरा फरक त्याहून मोठा होता, कारण टेकडीवरच्या ताडपत्र्या कुणी उचलल्या नाहीत. पण सव्वीस म्हणजे दहाच्या खूप वर. दवाखान्याला पाच वर्षं मिळाली. मॅडमनी फोनवर ते सांगितलं आणि विचारलं, आईचा पाय कसा आहे. ती म्हणाली, आहे. मॅडमना ते पुरलं असावं.

पुढच्या शनिवारी ती आईकडे गेली तेव्हा नर्सबाई यायच्या होत्या. खोलीत पलंग, दोन पत्र्याच्या पेट्या, शेगडी आणि खिडकीखाली, चार डागांवर बरोबर, निळी खुर्ची. त्या आठवड्यात काकूच्या घरी मुलाचा नवा मुकादम येऊन गेला होता. खुर्ची न्यायला कुणी आलं नव्हतं.

“काकूकडे मुद्दाम सांगून पाठवलं होतं, हवी असेल तर घेऊन जा,” आई म्हणाली. “म्हणाली, त्याला बाजेवर बसवू.”

लेकीने पाणी गरम केलं, घमेलं धुतलं, जुन्या साडीचे तुकडे काढून ठेवले. नर्सबाई आल्या, नेहमीसारख्या घाईत. आईने हात लांब करून खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. त्या बसल्या, पट्टी सोडली, चिमटा टेकवून बघितला.

“कडेने नवं लाल मांस दिसतंय. भरतेय हो,” नर्सबाई म्हणाल्या. “चार-पाच महिने लागतील अजून, पण भरतेय.”

आईने मान हलवली. लेक घमेलं धरून उभी होती.

“तुम्ही बसा की कुठेतरी,” नर्सबाई मान वर न करता म्हणाल्या.

“सवय आहे तिला,” आई म्हणाली. थोड्या वेळाने तिने पलंगावरचा आपला पदर आवरून घेतला, एका माणसापुरती जागा होईल इतका. बस म्हणाली नाही. जखमेवरून घमेल्यात पडणारं पाणी अजून स्वच्छ यायचं होतं, म्हणून ती उभीच राहिली.