सद्याच्या सायकलची दुसरी किल्ली

सद्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी दात घासत होतो. रविवारची सकाळ. त्याची बायको, आमच्या वहिनी, एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, वर या. हे उठत नाहीयेत." वर म्हणजे असल्फ्याच्या डोंगरावर. तिथे माझ्या या जुन्या मित्राचं घर आणि एके काळी माझंही होतं. नोकरीत जरा बरे दिवस आले तसा मी पायथ्याशी रस्त्यालगतच्या इमारतीत राहायला आलो, तो वरच राहिला. धापा टाकत पोहोचलो तोवर शेजारच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं होतं की झोपेतच गेला, पहाटे केव्हातरी. बासष्टावं चालू होतं. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे कोरडे. मला बघून म्हणाल्या, "शेवटचं वर्ष त्यांना सायकलवाचून काढायला लावलं आपण दोघांनी, भाऊजी." मी खाली बघत उभा राहिलो, कारण सायकल माझ्याकडे होती.

मुंबई सपाट आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा भरलेला सिलिंडर घेऊन आमच्या डोंगरावर यावं. सद्या विसाव्या वर्षी मालवणहून काकाकडे आला, मरोळच्या एका कारखान्यात साचे बनवायच्या कामाला लागला आणि पहिल्याच वर्षी त्यानं जुनी, काळी, बावीस इंची सायकल घेतली. असल्फा, साकीनाका, मरोळ आणि परत. निवृत्त होईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, हाच रस्ता. डोक्यावर मेट्रो आली, बाजूचे कारखाने जाऊन काचेची ऑफिसं उभी राहिली, हा आपला खालून पायडल मारत चाललाय. उजव्या पायाला पँटवरून एक जाडसा रबर, पँट चेनमध्ये अडकू नये म्हणून. साकीनाक्याला गाड्या अडकल्या की हा कडेकडेनं पुढे निघायचा आणि संध्याकाळी मला सांगायचा, "पेट्रोल जाळून उभे होते रे बिचारे." घराच्या शेवटच्या चढावर मात्र तो कधी सायकलवर बसला नाही. किराणा दुकानापाशी उतरायचा आणि हँडल धरून चालत वर. तरण्या पोरांसारखी मारून दाखव एकदा, म्हणून मी चिडवलं तर म्हणाला, "दिवसभर ती मला नेते. एवढा चढ मी तिला नेली तर काय बिघडलं?"

तसा तो फार गोड माणूस होता असं नाही हं. हट्टी होता, आणि सायकलच्या बाबतीत तर चक्क खडूस. कुणाला द्यायचा नाही. "सायकल आणि टूथब्रश मागायचा नाही," हे मला त्यानं तोंडावर ऐकवलंय. दुसऱ्याच्या सायकलची चेन करकरली तर अनोळखी माणसाला थांबवून तेल घालण्यावर भाषण द्यायचा. मी स्कूटर घेतली तेव्हा त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की पेढा देताना माझाच हात अवघडला.

पण माझ्या आईला छातीत कळ आली तेव्हा हीच सायकल तिला खाली घेऊन आली. रिक्षा वर यायला तयार नाही, दोघा-तिघांनी उचलायचं तर पायऱ्या आणि गटारं. सद्यानं कॅरिअरवर गोधडीची घडी टाकली, आईला बसवलं, मला मागून धरायला सांगितलं आणि दोन्ही ब्रेक दाबून पावलापावलानं तो अख्खा उतार उतरला. आई म्हणाली, "सदू, ब्रेक लागतायत ना रे?" हा म्हणतो, "लागतायत मावशी. नाही लागले तर मी आहे ना पुढे!" खाली आलो तेव्हा त्याच्या तळहातांना ब्रेकच्या लिव्हरचे वळ उठले होते. आई त्यानंतर नऊ वर्षं जगली. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती.

गेल्या वर्षी त्याला चढावरच चक्कर आली. तपासण्या झाल्या, हृदयाचं दुखणं निघालं, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी श्रम कमी करायला सांगितले. वहिनींनी मला बाजूला घेतलं. "हे माझं ऐकणार नाहीत, भाऊजी. तुम्हीच न्या ती सायकल, दुरुस्तीच्या नावानं. तुमच्यावर संशय यायचा नाही." मी नेली. मागच्या चाकाचं फ्रीव्हील गेलंय, ओळखीच्या मिस्त्रीकडे टाकतो म्हणालो आणि आमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला पंपाच्या खोलीजवळ तिचंच कुलूप लावून, वर ताडपत्री टाकून ठेवून दिली. आता बघा, ज्या माणसानं चाळीस वर्षं स्वतः नट-बोल्ट खोलले त्याला मी हे सांगत होतो! दर रविवारी तो चहाला यायचा. "काय रे विन्या, मिस्त्री काय म्हणतो?" फ्रीव्हील मिळत नाहीये, मी सांगायचो. मग हबचा प्रॉब्लेम आहे. मग मिस्त्री गावी गेलाय. सद्या बशीत चहा ओतत शांतपणे म्हणायचा, "हं. जुना माल आहे, वेळ लागणारच." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मागच्या बाजूला जायचंही मी सोडून दिलं, ती ताडपत्री बघवायची नाही.

तेराव्यानंतरच्या आठवड्यात सोसायटीनं नोटीस लावली, मागची अडगळ हलवा. गेलो. ताडपत्री उचलली आणि बघतच राहिलो. वर्षभर पडून असलेल्या सायकलवर धुळीचा कण नाही. टायर दाबून बघितले, दगडासारखे टणक. चेनला ताजं तेल. तेवढ्यात आमचे वॉचमन यादवजी आले. म्हणाले, "आजकल काका दिखते नहीं, साहब?"

"कौनसे काका?"

"वही, साइकिलवाले. आप लोग ड्यूटी पे गए कि दस बजे आते थे. डेढ़-दो घंटा घूम के फिर यहीं लगाते थे. आप ही ने तो रखवाई थी ना उनके लिए?"

मी तिथल्या कठड्यावर बसलो. कुलुपाला दोन किल्ल्या असतात हे शाळेतल्या पोरालाही कळतं. एक मी खिशात घालून वर्षभर खोटं बोलत होतो आणि दुसरी ज्याची सायकल त्याच्याकडेच होती! फ्रीव्हील मिळत नाहीये म्हणून मी त्याला सांगायचो तेव्हा तो आदल्याच दिवशी तेच फ्रीव्हील फिरवून आलेला असायचा. राग आला मला, खरंच आला. आणि मग मनात आलं... सायकलनंच तर त्याचा घात केला नाही? तसं असेल तर वहिनींना हे कुठल्या तोंडानं सांगू?

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून मी त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. म्हणाले, "सपाटीवर सावकाश चालवा असं मीच सांगितलं होतं. चढ नको म्हटलं होतं. सायकल खाली मित्राकडे असते म्हणाले, मग प्रश्नच मिटला. सायकलचा त्यांच्या जाण्याशी काही संबंध नाही. फक्त मिसेसना सांगू नका म्हणाले होते. 'ती घाबरते, मी बाहेर असेपर्यंत तिला घास जाणार नाही,' असं म्हणाले." डॉक्टर चढ नको म्हणाले होते, आम्ही सायकलच काढून घेतली होती. सद्यानं दोघांचंही मन राखलं आणि स्वतःचंही.

तिथून तडक घरी आलो, सायकल काढली आणि वर निघालो. किराणा दुकानापर्यंत मी बसूनच आलो, पुढे हँडल धरून चालत. बावीस इंची सायकल या चढावर किती जड लागते हे मला या वयात कळलं. दारात सायकल टेकवली, आत गेलो आणि वहिनींना सगळं सांगितलं, डॉक्टरांचं बोलणं सुद्धा. त्यांनी दारातल्या सायकलकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पण हे तर रोज वाचनालयात जायचे. पेपर वाचायला. काय नवीन, विचारलं की म्हणायचे, तेच ते गं."

बोलता बोलता त्या उठल्या. दरवाज्यामागच्या खुंटीला सद्याची पँट होती, शनिवारी घातलेली. तीन आठवडे ती धुवायला त्यांचा हात उचलला नव्हता. त्यांनी ती काढून उजेडात धरली. उजव्या पायाच्या घडीवर चेनच्या तेलाचा काळा पट्टा, ओलसर वाटावा इतका ताजा. "हा डाग मी वर्षभर घासतेय," त्या म्हणाल्या. "रॉकेल लावलं, लिंबू लावलं. म्हटलं, चाळीस वर्षांचा जुना डाग, जाईल कसा!" त्यांनी खिशात हात घातला. आतून तो जाडसा रबर निघाला आणि रबरात गुंडाळलेली किल्ली.

"मेल्यान फसवल्यान माका!" वहिनी ओरडल्या. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याचा एकेरी उल्लेख केलेला मी पहिल्यांदा ऐकला. मग त्या हसल्या, आणि हसता हसता तो गेल्यापासून पहिल्यांदाच पोटभर रडल्या. मी उठून पाणी आणून दिलं. पाणी पिऊन त्यांनी पँटची घडी घातली नाही, डाग वर येईल अशी ती पुन्हा खुंटीला लावली आणि विचारलं, "शनिवारी पण गेले होते ना हो?"

"गेले होते," मी म्हणालो.