नॉर्मनच्या गावाची शीव

सिंगापुरात हौगांगला आमच्या ब्लॉकमागे रहिवाशांची भाज्यांची बाग आहे. तिथे माझा मेथीचा वाफा. शेजारचा वाफा सिओक हूनबाईंचा. त्या गेल्या आणि त्यांचा नवरा नॉर्मन तो मागू लागला. हा इंग्रज, तुआसच्या गोदीत जहाजांची इंजिनं दुरुस्त करता करता म्हातारा झालेला. बायको होती तोवर यानं कधी झारीला हात लावला नव्हता. आता मात्र बागेच्या प्रमुख मॅडम टे यांच्यामागे लकडा, "तिची माती आहे, मलाच द्या."

त्यात एका सकाळी तो छडी घेऊन कुंपणाभोवती फिरताना दिसला. प्रत्येक कोपऱ्यावर सटासट फटके! मॅडम टे म्हणाल्या, जागा मोजतोय. माझी सून अरुणा म्हणाली, "बाबा, दुःखानं डोकं फिरलं असेल हो." मला वाटलं, काहीतरी उतारा-बितारा असणार.

"अंकल, तुम्ही बोलके," मॅडम टे मला म्हणाल्या. "रविवारी ठरवायचंय. माणूस कसा आहे ते काढा, लाह!" वाक्याच्या शेवटी हे 'लाह' लावायची इथली सवय.

मला काय, ऐकायला कोणी मिळालं की झालं! नॉर्मनला खालच्या कॉफीशॉपमध्ये बसवला. माझं इंग्रजी मोडकं, त्याचं गावरान. दोघांचं झकास जमलं. छडीचं विचारल्यावर तो खुलला. म्हणाला, पूर्वी नकाशे नव्हते, म्हणून त्यांच्या गावात दर वसंतात पाद्री पुढे आणि गाव मागे, अशी शिवेवरून फेरी निघायची. शिवेच्या प्रत्येक दगडाला छड्या मारायच्या. आणि पोरांना उचलून त्यांची बुडं दगडावर आपटायची, म्हणजे जन्मात शीव विसरणार नाहीत! मी हसून हसून बेजार. आमच्याकडे शिवेवर नारळ फुटायचे, यांच्याकडे पोरं.

पण पुढचं ऐकून मी कान टवकारले. चर्चचा कलता मनोरा, बदकांचं तळं, पबच्या दारावर गुलाब, आजारी माणसाला शेजाऱ्यांचा केक. मी विचारलं, "भांडणं?"

"छे! आमच्या गावात नाहीत."

"पाण्यावरून? वाटेवरून?"

"कधीच नाही."

घरी येऊन अरुणाला म्हटलं, "या माणसानं गाव बिस्किटाच्या डब्यावरच्या चित्रात पाहिलंय."

"बाबा, एखादं असेल की तसं गाव."

नसतं. आमच्या गावाकडचा पद्माकर दर नांगरटीला शेजाऱ्याचा बांध एकेक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, कोरायचा. शेजारी भांडायला आला की त्याला निरशा दुधाचा चहा पाजायचा, पोराबाळांची चौकशी करायचा. शेजारी ओशाळून परत जायचा आणि बांध आणखी सरकायचा! तेव्हापासून फार गोड बोलणारा भेटला की मी आधी त्याचा बांध बघतो.

रविवारी बैठकीत सगळ्यांसमोर मी विचारलं, "नॉर्मन, दगड इतके झोडपून लक्षात का ठेवावे लागायचे? ते आपोआप चालतात?"

तो कानापर्यंत लाल झाला.

"नाही," म्हणाला. "माझे वडील सरकवायचे. शेजारच्या विधवेच्या कुरणात, दर वर्षी वीतभर. वडील पबमध्ये शिरले की त्यांच्या बाकावरची माणसं उठून जायची. म्हणून तर मी जहाजावर गेलो." मग म्हणाला, "सिओक हूनला हे सांगितलं तेव्हा ती हसत म्हणाली होती, मग माझ्या वाफ्यात पाऊल टाकायचं नाही. मी कधी टाकलं नाही. पण आता तिची वांगी वाळतायत."

मागून एक बाई कुजबुजल्या, "दगड सरकवणाऱ्याच्या घरातला हा!"

माझ्या मनात मात्र हर्ष मावेना. "द्या त्याला वाफा!" मी म्हटलं. "हा खरोखरीचा गावचा माणूस आहे."

मॅडम टे माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "म्हणजे याच्यावर भरवसा ठेवायचा?"

"अजिबात नाही! शेजार माझा आहे, मी बघतो."

वाफा मिळाला. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी दोघांच्या वाफ्यांमध्ये विटांची ओळ लावली. नॉर्मन वांग्यांना पाणी घालून आला, एक डोळा मिटून ओळीकडे बघत राहिला.

"ही तिसरी वीट बोटभर माझ्याकडे आलीय."

"तू तिरका उभा आहेस."

"सरळच उभा आहे."

मग आम्ही दोघं कण्हत कुंथत खाली बसलो आणि दोरी ताणली.