हात लावला की उघडतं

गुन्व्होरला जगात सगळ्यात जास्त भीती वाटायची ती बर्फातल्या त्या भोकाची. स्वीडनमधल्या लुलेओच्या धक्क्यावर पोहणाऱ्यांची सौना, म्हणजे शेकोटीने तापवलेली लाकडी खोली, आहे. आत बसून घाम गाळायचा आणि तसंच उघड्या अंगाने, गोठलेल्या समुद्रात कापलेल्या चौकोनात उतरायचं. तिच्या नवऱ्याची, सिक्स्टेनची, उभ्या जन्माची हौस ती. पण हल्ली तो विसरायला लागला होता. पाण्यात उतरला आणि वर यायचंच विसरला तर? म्हणून तिने त्याची सौनाची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. तो बिचारा घरभर शोधायचा आणि ही साळसूदपणे विचारायची, "कुठे टाकलीस रे?"

मग तो घरातूनच नाहीसा व्हायला लागला. एकदा बसथांब्यावर सापडला, एकदा जुन्या कारखान्याच्या फाटकाशी, बर्फात घरातल्याच चपला घालून. लेक मालिन म्हणाली, "आई, बाबांच्या हातात चिप बसवून टाकू. आमच्या ऑफिसात कितीतरी जणांना आहे. तांदळाएवढी तर असते."

इमारतीच्या धुण्याच्या खोलीत शेजारीण सोल्व्हेइग चादरीची घडी अर्धवट टाकून ओरडलीच, "वेड लागलंय का तुला? त्या चिपमधून सरकारला सगळं कळतं. तू संडासला कधी गेलीस तेसुद्धा!"

"कळू दे की! मला तेच हवंय. माझा माणूस कुठे भटकतोय ते मला नाही, निदान सरकारला तरी कळू दे."

सरकारवर भरवसा या लोकांना बाळकडूतच मिळतो. सोल्व्हेइगची झोप ज्याने उडाली, त्याच गोष्टीने गुन्व्होर निर्धास्त झाली. सुई टोचणारा पोरगा बराच वेळ काहीबाही समजावत होता, पण हिचं लक्ष सिक्स्टेनच्या हाताकडे. अंगठ्याशेजारी चिप गेली तेव्हा तो हसला. "आता मी हरवत नाही, काय?" जावयाने तर हौसेने सासऱ्याची असतील नसतील तेवढी कुलुपं, किल्लीविना उघडावीत म्हणून, त्या हाताला जोडून दिली.

जानेवारीत एका सकाळी ती दूध घेऊन आली तर खुर्ची रिकामी. कॉफी अजून कोमट होती. तिने शांतपणे पोलिसांना फोन लावला.

"नवरा बाहेर पडलाय हो माझा. त्याच्या हातात चिप आहे, जरा बघून सांगता का कुठे आहे ते?"

पलीकडची बाई म्हणाली, "आजी, ती चिप तसं काही सांगत नाही. ती नुसती दारं उघडते. आम्ही गाडी पाठवतो, त्यांच्या अंगावर कपडे कुठले आहेत?"

गुन्व्होरने पिठाचा डबा उघडला. किल्ली होती. हुश्श म्हणेपर्यंत तिला जावयाची हौस आठवली. असतील नसतील तेवढी कुलुपं! पिठाच्या हातात किल्ली धरून, अंगात कोट न घालताच ती धक्क्याकडे धावत सुटली. दार लागलेलं होतं. किल्लीवरचं पीठ फुंकून तिने ती कुलुपात घातली.

आत खुंटीवर त्याचे कपडे होते, मोज्यात मोजा घालून नीट ठेवलेले. सौना थंडगार, पेटवलेलीच नव्हती. मागचं दार वाऱ्यावर आपटत होतं.

सिक्स्टेन बर्फातल्या भोकात उतरणाऱ्या शिडीवर उभा होता. उघडा, गुडघ्यापर्यंत पाण्यात, ओठ निळे.

"बरं झालं आलीस," तो म्हणाला. "वर यायचं की खाली जायचं, तेच आठवेना."

तिने त्याचा हात धरून त्याला ओढून वर घेतलं, छातीशी धरलं आणि आरडाओरडा करून रडली. तो मात्र खुशीत होता.

"किल्ली काही सापडली नाही बघ," तो कुडकुडत म्हणाला. "पण नुसता हात लावला, आणि उघडलं!"

तिच्या अंगठ्याखाली त्याच्या कातडीतला तो दाणा टोचत होता. दुसऱ्या मुठीत किल्ली होती. किल्ली पिठात लपवता आली होती. हा हात ती कुठे लपवणार होती?