उन्हातले दिवे

नव्वदच्या दशकात मी रहिमतपूरहून नोकरीसाठी साताऱ्याला जायचो. सकाळच्या गाडीची वाट बघताना स्टँडसमोर रोज एक कल्हईवाले चाचा दिसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. ऊन वर आलं तरी रस्त्यावरचे दिवे जळत असायचे, कारण ते बंद करणारा माणूस सवडीनं उठायचा. चाचा खांद्यावरचा भाता खाली ठेवायचे, खांबावरच्या उघड्या पेटीतला खटका काठीनं पाडायचे आणि काठी पुसायचे.

"उनात दिवा म्हंजी कोयनेचं पानी मातीत," ते म्हणायचे.

"पण रोज तुम्हीच कशाला? अर्ज करा," मी एकदा म्हणालो.

त्यांनी कल्हईच्या नवसागराच्या डब्यातून एक कागद काढला. आधीच केलेल्या अर्जाला नगरपालिकेच्या साहेबांचं उत्तर होतं. सकाळी नऊ वाजता पाहणी केली असता दिवे बंद आढळले, सबब तक्रारीत तथ्य नाही.

"चाचा, नऊच्या आधी तुम्हीच बंद करता. थोडे दिवस हात लावू नका. साहेबांना दिवे जळताना दिसू द्या."

चाचांनी बराच विचार केला. "बराबर हाय," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून दिवे जळत राहिले. चाचा खांबाखाली दोन्ही हात काखेत दाबून बसायचे. साहेब काही येईनात.

रविवारी मी लग्नाला फलटणला निघालो, तर दिवे बंद. मी चिडलोच. "चाचा, आपलं ठरलं होतं ना?"

"व्हय. उद्या परत जळू देतो," काठी पुसत ते म्हणाले. "आज हापिसाला सुट्टी हाय. सायेब काय येत न्हाईत."